मागचा जिना

पाच मजली इमारत सकाळी, लोक नुकते कुठे कामाला लागले होते तेव्हा, जागच्या जागी खाली बसली. तळमजल्यावर छापखाना, त्याच्यावर चष्म्याच्या काचा घासायचा कारखाना, वर शिवणकामाचे दोन मजले, त्यावर गोदाम आणि गच्चीवर मोबाइलचा टॉवर. लिंकवाला पोचला तेव्हा धूळ अजून हवेतच होती. टॉवर ढिगाऱ्यावर आडवा पडलेला. तो बघून लिंकवाल्याच्या मनात पहिला विचार आला, तो आत किती माणसं असतील हा नव्हता. आता इथे रेंजचे हाल होणार, हा होता. धंद्याची सवय, दुसरं काय.

लिंकवाला हे त्याचं चॅनेलमधलं नाव. खरं नाव हजेरीपुरतं उरलं होतं. कॅमेऱ्यातलं चित्र स्टुडिओपर्यंत पोचवणारी पिशवी त्याच्या पाठीवर असायची. दिसायला शाळेच्या दप्तराएवढी, पण तासाभरात पाठ भाजून काढणारी. आत चार कंपन्यांची आठ सिमकार्डं. एकट्या सिमवरून थेट चित्र धड जात नाही. म्हणून पिशवी चित्राचे बारीक तुकडे करते, ते आठही वाटांनी एकाच वेळी पाठवते आणि स्टुडिओतलं यंत्र ते पुन्हा जोडतं. एक वाट तुंबली की तिचा भार बाकीच्या सातांवर. कुठल्या वाटेवर किती टाकायचं, कुठून हात आखडता घ्यायचा, हे छोट्या पडद्यावर डोळे लावून बघत राहणं, हे त्याचं काम.

पिशवीला दोन स्वभाव होते. एक मवाळ. हवेत गर्दी झाली की ती आपणहून मागे सरायची, चित्र थोडं पुसट करायची. दुसरा हट्टी. गर्दी असली तरी घुसायचं आणि जे तुकडे पोचले नाहीत ते पोचेपर्यंत पुन्हा पुन्हा ढकलत राहायचं.

"दादा, लागली का लिंक?" बातमीदार मुलीने विचारलं. तिच्या केसांवर आत्ताच पांढरी धूळ बसली होती. कॅमेरामन खांद्यावर कॅमेरा घेऊन तयारच होता.

"लागली, पण रडतेय."

खरंच रडत होती. जवळचा टॉवर गेला होता. आता त्या गल्लीतले रहिवासी, पोलीस, अग्निशमन दल, फोन उंच धरून उभे असलेले बघे, धावत आलेले नातेवाईक आणि पाच चॅनेलच्या पाच पिशव्या, या सगळ्यांची मदार बाजारापलीकडच्या एका टॉवरवर होती. चित्र अडखळत होतं. मुलगी बोलायची आणि तिचं तोंड मध्येच उघडं राहायचं.

कानातल्या बटणातून डेस्कवरचा साहेब ओरडला, "अरे, काय चाललंय? समोरच्यांचं चित्र बघ, आरशासारखं आहे! हट्टी लाव."

त्याने हट्टी लावलं. चित्र सुधारलं. थोड्या वेळाने पलीकडच्या चॅनेलचा लिंकवाला, ज्याला सगळे टकल्या म्हणत, हातवारे करून विचारू लागला, तुझं नीट कसं जातंय? मग त्यानेही तेच केलं. मग बाकीच्या तिघांनी.

कुंपणाच्या दोरीपाशी एक माणूस उभा होता. शर्टाच्या खिशात घडीची मोजपट्टी, अंगठ्याचं नख काळं पडलेलं. सुतार असावा. तो बराच वेळ फोन कानाला लावत होता, खाली घेत होता, पुन्हा लावत होता. शेवटी तो लिंकवाल्याजवळ आला.

"भाऊ, तुमचा फोन लागतो का हो?"

"कुणाला लावायचाय?"

"मुलीला. आत आहे ती." शेजारच्या दुकानात गेली आहे असं सांगावं तसं त्याने सांगितलं. मग फोन पुढे केला. "हा बघा, मेसेज आला होता. त्यानंतर काही नाही."

पडद्यावर लिहिलं होतं: बाबा मी जिन्यात आहे. आम्ही तिघं. पाय अडकलाय.

लिंकवाल्याने स्वतःचा फोन लावून पाहिला. नुसती शांतता, मग तीन बारीक टुकटुक. पुन्हा लावला. तेच.

"अग्निशमनच्या साहेबांना दाखवला का मेसेज?"

"दाखवला. ते म्हणाले, जिने दोन आहेत. पुढचा की मागचा? मशीन एकच आहे, दोन्हीकडे लावता येत नाही. पुढच्या बाजूला जास्त माणसं असणार, म्हणून तिकडे खणतायत." सुताराची नजर कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर गेली. तिथे ढिगारा स्वच्छ दिसत होता, वीट न् वीट. "तुमचं तर सगळं जातंय की," तो म्हणाला. त्यात राग नव्हता. त्याला खरंच नवल वाटलं होतं.

लिंकवाल्याने पिशवीच्या पडद्याकडे पाहिलं.

आवाजाच्या फोनला हवेत पहिला मान असतो, हे त्याला ठाऊक होतं. पण मान मिळायला आधी टॉवरला हाक मारावी लागते, आणि सगळे गळा फाडून ओरडत असताना लाद्यांखालून येणारी ती क्षीण हाक टॉवरपर्यंत पोचतच नव्हती. ओरडणाऱ्यांत सगळ्यांत मोठा घसा कुणाचा होता, ते त्याच्या पाठीवरच घरघरत होतं.

त्याने पिशवी मवाळवर आणली. मग सहा सिम बंद केली. चित्राचा चुथडा झाला. कानात साहेबाच्या शिव्या सुरू झाल्या. तो पडद्याकडे बघत राहिला. हवेतली गर्दी घटकाभर ओसरली आणि पुन्हा काठोकाठ भरली. त्याने मोकळी केलेली जागा बाकीच्या चार पिशव्यांनी गिळली होती. पलीकडे टकल्या खुशीत होता. त्याचं चित्र अचानक झकास झालं होतं.

लिंकवाला त्याच्याकडे गेला. दोघे जुने दोस्त, एकाच वर्षी या धंद्यात आलेले.

"पाचही जण एकदम बंद करू. अर्धा तास."

"डोकं ठिकाणावर आहे का? डेस्क मला सोलून काढेल."

"सगळेच बंद असले तर कोण कुणाला बोलणार? पडदे सगळ्यांचेच काळे. कॅमेरे रेकॉर्ड करू देत. एकाची मोटरसायकल घेऊ, पाचही कॅमेऱ्यांची कार्डं मोठ्या रस्त्यावर नेऊ, तिथून पाठवू."

"आणि कुणी दगा दिला तर?"

"अरे, मुलगी आहे आत. तिचा बाप तो बघ. कुठल्या जिन्यात आहे एवढंच कळायला हवंय."

टकल्याने सुताराकडे पाहिलं. मग पिशवी उतरवली, मागचं झाकण काढलं आणि बॅटरी ओढून खिशात टाकली. "माझा विश्वास बटणावर नाही," तो म्हणाला.

पुढचे दोघे टकल्याला बघून तयार झाले. पाचवी पिशवी एका नवख्या मुलीकडे होती. ती रडकुंडीला आली. "सर, माझी नोकरी अजून पक्की नाही."

"मग बंद नको करूस," टकल्या म्हणाला. "बॅटरी मेली म्हणून सांग. पहिल्या नोकरीत बॅटरी मेली नाही असा लिंकवाला मी पाहिलेला नाही."

ती ओढून ताणून हसली आणि तिनेही बॅटरी काढली.

लिंकवाल्याने मात्र बॅटरी ठेवली. पिशवी पूर्ण बंद केली की पुन्हा उठायला फार वेळ घेते, आणि डेस्कला काहीतरी उत्तर द्यायला हवं होतं. त्याने चित्र थांबवलं, सातवं सिमही बंद केलं, एक राहू दिलं. कानातलं बटण काढून खिशात घातलं. बातमीदार मुलीला सांगितलं तेव्हा ती लगेच म्हणाली, "मी सांगते डेस्कला, केबल तुटली म्हणून. दादा, तुम्ही लावा फोन त्यांचा."

एका हवालदाराने भोंग्यावरून बघ्यांना फोन बंद करायला सांगितलं. अर्ध्यांनी ऐकलं. बाकीच्यांनी त्याचंच चित्रण केलं. तरी पडद्यावरची गर्दी उतरत गेली.

सुतार फोन लावत होता. लिंकवाल्याने त्याचा हात धरला. "थांबा. तीच लावत असेल. दोघांनी एकदम लावला तर लागणार नाही."

ते थांबले. खणणारं मशीन तेवढं घुमत होतं. आणि फोन वाजला.

"बाबा?"

सुतार नुसतं हो हो करत राहिला. लिंकवाल्याने फोन स्पीकरवर टाकला आणि अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्याला हाक मारली. तो ढिगाऱ्यावरून घसरतच खाली आला.

"बाळ, मी अग्निशमन दलातून बोलतोय. कुठला जिना? पुढचा की मागचा?"

"मागचा. माल चढवायचा. आमच्या मुकादमबाई आहेत, आणि पॅकिंगचे काका. काका बोलत नाहीयेत, पण श्वास आहे."

"मागचा!" अधिकाऱ्याने वर बघून आरोळी ठोकली. मशीन थांबलं, वळलं. "हे बघ बाळ, तुमच्यावर लादी आहे ना? ती आम्ही कापणार. कापताना मी तुला सारखं विचारत राहीन. लादी जरा जरी सरकली, माती पडली, तर लगेच ओरडायचं. आम्ही तिथेच थांबू. फोन ठेवायचा नाही. आम्हाला बोलणं ऐकू येत राहिलं पाहिजे. बोलत राहशील?"

"काय बोलू?"

"काहीही बोल. बाबांशी बोल."

सुतार फोनवर वाकला. "बाळा, पाणी आहे का जवळ?"

"नाही. धूळ आहे नुसती. बाबा, माझा चष्मा फुटला. चष्म्याच्या कारखान्यात असून." ती हसली बहुतेक, किंवा खोकली. "तुम्ही काम सोडून आलात?"

"काम जातंय कुठे. एक दारच बसवायचं होतं."

"मग त्या लोकांचं दार तसंच उघडं?"

"असू दे उघडं."

बातमीदार मुलगी तोंडावर हात धरून उभी होती. कॅमेरामनने कॅमेरा खांद्यावरून उतरवून ठेवला होता. मागच्या बाजूला कटर पोचला, त्याची वायर ओढली जाऊ लागली.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी गाड्या आल्या. मंत्री. पांढऱ्या कपड्यांची गर्दी, पोलिसांची धावपळ. टकल्याने खिशावर हात ठेवला, लिंकवाल्याकडे पाहिलं आणि मान हलवली, नाही काढत. बाकीचे तिघेही जागचे हलले नाहीत. तो क्षण लिंकवाल्याला पुढे फार वेळा आठवला. पाच माणसांनी शब्द पाळला होता.

मग त्याच्या पाठीवर पंखा घरघरला.

आधी त्याच्या लक्षातच आलं नाही. पाठ गरम लागली तसं त्याने पडदा पाहिला. एकामागून एक आठही दिवे हिरवे होत होते. पिशवी स्टुडिओतूनही चालू करता येते, हे त्याला शिकवलेलं होतं. पण आजवर तसं कुणी केलं नव्हतं. साहेबाला मंत्री हवा होता, आणि जिवंत ठेवलेल्या त्या एका सिमवरून त्याने स्टुडिओतल्या पोराकडून बाकीची सात उठवून घेतली होती. हट्टी स्वभावात. खाली ठेवलेला कॅमेरा पिशवीला जोडलेलाच होता, आणि त्याचं तोंड गल्लीकडे होतं. पडद्यावर मंत्री चालत येत होते.

"हॅलो?" सुतार म्हणत होता. "हॅलो? बाळा? आवाज तुटतोय गं. हॅलो?"

लिंकवाल्याने पट्टे तोडावेत तशी पिशवी खाली ओढली, झाकण उपसलं, बॅटरी हिसकून काढली. दिवे विझले. पण टकल्या समोर उभा होता आणि त्याने ते हिरवे दिवे पाहिले होते.

"तूच?" तो म्हणाला.

"मी नाही रे, डेस्कने वरून—"

"असं का." टकल्याने खिशातून बॅटरी काढली. "कुणी दगा दिला तर, असं मीच विचारलं होतं तुला."

"टकल्या, ऐक, पाया पडतो तुझ्या, ती लाइनवर होती—"

टकल्याने बॅटरी बसवली. त्याला बघून दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. नवखी मुलगी थोडा वेळ घुटमळली, मग तिला नोकरी आठवली असावी, कारण ती रडतरडतच पिशवी जोडू लागली. मंत्री ढिगाऱ्यासमोर उभे राहून बोलायला लागले तेव्हा चार पिशव्या चालू होत्या आणि बघ्यांचे सगळे फोन वर गेले होते.

सुतार फोन लावत राहिला. लिंकवाला आपल्या फोनवरून लावत राहिला, अधिकारी आपल्या. तीन बारीक टुकटुक. अधिकाऱ्याने एका जवानाला फटीत तोंड घालून हाका मारायला बसवलं, पण कटरच्या आवाजात आतलं काही ऐकू येत नव्हतं. थांबून चालणार नव्हतं. पॅकिंगवाल्या माणसाचा श्वास किती टिकेल, कुणाला माहीत. अंदाजाने कापायला सुरुवात केली.

संध्याकाळपर्यंत मुकादमबाई बाहेर आल्या, पाय मोडलेला, पण शुद्धीत. मग पॅकिंगवाला माणूस. मग मुलगी. तिच्यावर चादर होती.

सुतार चादरीपाशी खाली बसला. अधिकारी जरा लांब, हेल्मेट काढून उभा होता. लिंकवाला त्याच्याजवळ गेला.

"लादी सरकली," अधिकारी म्हणाला. "कापताना तिच्या बाजूला सरकली. आवाज आला असता तर थांबलो असतो." मग हेल्मेटवरची धूळ पुसत तो म्हणाला, "तरीही सरकली असती कदाचित. मला नाही सांगता येत. तुम्ही मला विचारू नका."

लिंकवाला घरी पोचला तेव्हा टीव्ही चालू होता. त्याच्या चॅनेलवर पट्टी फिरत होती: मंत्री घटनास्थळी, सर्वात आधी आमच्याकडे. बायकोने त्याचा चेहरा पाहिला आणि टीव्ही बंद केला. आंघोळीला पाणी काढलं. तो अंगावर पाणी न घेता तिथेच बसून राहिला, तेव्हा तिनेच आत येऊन त्याच्या डोक्यातली धूळ धुतली.

ऑफिसात साहेबाने त्याची खरडपट्टी काढली, बॅटरी काढल्याबद्दल. मंत्र्याच्या पहिल्या चित्राबद्दल पाठ थोपटली ती वरून पिशवी उठवणाऱ्या पोराची. लिंकवाल्याला बाहेरच्या कामावरून काढून बॅटऱ्या चार्ज करायला बसवलं. टकल्याला त्याने दोनदा फोन केला. टकल्याने उचलला नाही.

मग एक दिवस सुतारच चॅनेलच्या दारात येऊन उभा राहिला. पहारेकरी त्याला आत सोडत नव्हता. लिंकवाला खाली गेला.

"भाऊ, एक विचारायचं होतं," सुतार म्हणाला. "फोन तुटला, त्याच्यानंतर ती बोलत असेल ना? साहेबांनी सांगितलं होतं तिला, बोलत राहा. माझी पोर सांगितलेलं ऐकायची. तुमचं ते यंत्र हवेतलं सगळं ओढून घेतं म्हणतात. त्यात कुठे राहिलं असेल का तिचं बोलणं?"

"नाही हो, काका. ते यंत्र फक्त पाठवतं. दुसऱ्याचं काही त्यात येत नाही."

"कुठेच नाही?"

"कुठेच नाही."

सुतार मान हलवत निघून गेला. पण लिंकवाल्याचा त्या दिवशी कशात जीव लागेना. काम सुटल्यावर तो इस्पितळात गेला. मुकादमबाईंचा पाय दोरीने वर टांगलेला होता. त्याने आपण कोण, कशाला आलो, ते सांगितलं.

बाईंनी भिंतीकडे तोंड केलं. मग बोलल्या. "बोलत होती ना. खूप वेळ. आधी हॅलो हॅलो करत होती. मग मला म्हणाली, बाबांनी ठेवला वाटतं. मी म्हटलं, अगं, रेंज गेली असेल. तर म्हणाली, नाही, त्यांना रडू आलं असेल, माझ्यासमोर रडत नाहीत ते, म्हणून ठेवला. मग तशीच बोलत राहिली, त्या बंद फोनमध्ये. कुठल्या गिऱ्हाइकाच्या काचा कुठे ठेवल्यात, ते सांगत होती. लादी कुरकुरायला लागली तेव्हा ओरडली ती. मीपण ओरडले. थांबा, थांबा. वरून आवाज चालूच."

लिंकवाला सुताराच्या घरी गेला. एका खोलीचं घर, दारापाशी रंधा आणि करवती ओळीने टांगलेल्या. सुताराने त्याला स्टुलावर बसवलं, स्वतः जमिनीवर बसला. लिंकवाल्याने सगळं सांगितलं. गाळावं असं वाटेवर ठरवलेलं एक वाक्य होतं, बाबांनी ठेवला वाटतं, हे. तेही त्याच्या तोंडून निघून गेलं.

"मी नाही ठेवला," सुतार म्हणाला. "तुम्ही होतात ना तिथे? मी फोन ठेवला का?"

"नाही. तुम्ही नाही ठेवला."

"मग तुटला कशाने?"

डेस्कचं नाव घेता आलं असतं. मंत्र्याचं, बघ्यांचं, टकल्याचं. ते सगळं खरंही होतं.

"माझ्या पिशवीने," लिंकवाला म्हणाला. "सगळ्यांच्या बंद होत्या. माझी सुरू झाली. मी बॅटरी काढायला हवी होती, ती काढली नव्हती."

गुडघ्यावर हात टेकून सुतार हळूच उठला, दारापाशी गेला आणि दार उघडं धरून उभा राहिला. लिंकवाला स्टुलावरून उठला, बाहेर पडला, चपला पायात सरकवल्या. त्याला काहीतरी म्हणायचं होतं. मागे वळला तोवर दार लागलं होतं आणि आतून कडी घातल्याचा आवाज आला.